श्वासापुरती

चौघी तिला थोरली म्हणत. पाच जणींच्या त्या गटात दहा वर्षं मधोमध उभी राहून मुख्य आवाज तिनंच लावला होता. गळ्यातल्या गाठी काढल्या, सहा आठवडे ती पाटीवर लिहून बोलली. सातव्या आठवड्यात तोंड उघडलं तर वरचा सूर जागेवर नव्हता. खालचे होते, तेही गंजलेल्या बिजागरीसारखे.

"येईल गं," चौघींतली मधली म्हणाली. "माहेरी गेलाय म्हणायचं. कंटाळला की येईल."

थोरली हसली. हसूही खरखरलं.

मॅनेजरला थांबायला सवड नव्हती, दौरा तोंडावर आला होता. त्यानं तालमीच्या खोलीत एक नवी मुलगी आणून मधोमध उभी केली. उंची तीच, केसही तसेच कापलेले.

"ही ओठ हलवेल. आवाज तुझाच, रेकॉर्डिंगमधला. तो कंपनीचा आहे. तू घरी आराम कर."

"म्हणजे गळा हवा, मी नको."

"शब्दात पकडू नकोस."

"कडेला तरी उभी करा. मागं, कोपऱ्यात. स्टेजवरून उतरवू नका हो."

"पाचांच्या गटात सहावी कुठं घालू?"

तालीम सुरू झाली. स्पीकरमधून तिचा जुना आवाज आला, झऱ्यासारखा निखळ. आणि चौघी चुकल्या. एक आधी आली, दोघी मागून, मधली आलीच नाही. पुन्हा लावलं, पुन्हा चुकल्या.

"दहा वर्षं हेच गाताय ना?" मॅनेजर ओरडला. "आज काय दातखीळ बसली?"

मधलीनं कानातलं यंत्र उपसून काढलं. "ही श्वासच घेत नाहीये."

"कोण?"

"गाण्यातली थोरली. आम्ही कधी मोजत नाही. ओळीआधी ती श्वास घेते, त्यावर आमचा सूर उठतो."

साउंडवाल्या काकांनी मान खाली घातली. आवाज स्वच्छ करताना त्यांनी एकेक श्वास वेचून टाकला होता, तांदळातले खडे वेचावेत तसा. मूळ रेकॉर्डिंग केव्हाच पुसलं होतं. त्यांनी चौघींच्या कानात तालाचा ठोका देऊन पाहिला. चौघी वेळेवर आल्या, पण हजेरी दिल्यासारख्या.

मॅनेजरनं दाराशी उभ्या थोरलीकडे पाहिलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दौऱ्याच्या पहिल्या कार्यक्रमात, ती काळ्या पडद्याआड स्टुलावर बसली होती. पुढ्यात माइक, तो फक्त चौघींच्या कानात उघडत होता. "बोलायचं नाही, खोकायचं नाही," तिला बजावलं होतं. पडद्याच्या फटीतून नवीची पाठ दिसत होती, पाठीवर थोरलीचंच चंदेरी जाकीट.

वारा छातीत भरावा, ओठाशी आणावा, आणि गाणं न होताच सोडून द्यावा. ओळीमागून ओळ, गाण्यामागून गाणं.

शेवटच्या गाण्याच्या वरच्या ओळीआधी तिच्या मनात आलं: नाहीच घेतला तर? एवढ्या लोकांसमोर सगळं ढासळेल. मॅनेजरचं तोंड पाहण्यासारखं होईल. मग तिला मधलीचा खांदा दिसला. किंचित उचललेला, वाट पाहणारा.

तिनं श्वास घेतला. चौघींचे सूर एकदम उठले. लोक नाचू लागले, नवीच्या नावानं ओरडू लागले.

फोनवर आईचा निरोप होता. "बाय माझी, रेडिओवर आजचा कार्यक्रम ऐकला. काय मोकळा लागलाय आवाज! उगाच जीव टांगणीला लावला होतास. फोन कर, बोल ना माझ्याशी."

बोलली असती तर आईला कळलं असतं. तिनं लिहिलं, 'बरी आहे. घाईत आहे.'

"उद्या सातला बस निघेल," मॅनेजर जाता जाता म्हणाला. "तू मागच्या दारानं चढ."