पूजेतला पाना

दसऱ्याच्या सकाळी गोकुळदासाने लेकीची सायकल धुतली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

डिचोलीच्या बाजारामागे त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, दुकानाच्या मागेच घर. माणूस कामाला चोख, पण एकदा बोलला की बोलला. लेक तनया डोंगरातल्या सायकलशर्यतींत उतरायची. वर्षभरापूर्वी तिच्या सायकलीचा बी.बी. गेला. बी.बी. म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधला, सांगाड्याच्या पोटात बसणारा आस आणि त्याचे छर्रे. पायाचा सगळा जोर तिथून चाकाकडे जातो. तनयाला पणजीच्या दुकानातला सीलबंद बी.बी. हवा होता. बसवायचा आणि विसरायचं, खराब झाला की काढून नवा घालायचा. गोकुळदासाला हे पटणं शक्यच नव्हतं. जी वस्तू उघडता येत नाही, तिला तो वस्तूच मानत नसे.

"सुट्या छऱ्यांचो घाल," तो म्हणाला होता. "दर म्हयन्याक मी उघडीन, पुसून ग्रीस भरीन. तुजो बी.बी. शर्यतीत वाजलो तर जबाबदारी माजी."

तनयाने ऐकलं. त्यानेही शब्द पाळला. डिचोलीच्या रस्त्यावरची तांबडी धूळ मैद्यासारखी बारीक, कुठेही शिरते. पण दर महिन्याला आस बाहेर यायचा, एका बाजूला अकरा याप्रमाणे बावीस छर्रे रॉकेलात न्हायचे, आणि पायडल हाताने फिरवलं तर कानालाही कळू नये इतकं गप्प फिरायचं.

आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सात वाजता, पार्से गावच्या काजूंच्या डोंगरात निवडीची शर्यत होती. गोव्याच्या संघात चार मुली घेणार होते. वयाच्या अटीने तनयाचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की हुकलंच.

म्हणून तर गोकुळदासाला वाटलं, यंदा पूजेला तिची सायकल झळझळीत हवी. शेजारी संतोषच्या अड्ड्यावर खाणीचे ट्रक धुवायचा पंप होता. दसऱ्याला तिथे ट्रकांची रांग असते. गोकुळदासाने रांगेत सायकल घुसवली, ट्रकाचा साबण फासला आणि पंप सोडला. चेन धुतली, चाकं धुतली, आणि बी.बी.वर चिखल होता म्हणून नळी तिथे अगदी जवळ धरली. गिऱ्हाइकांना तो स्वतः बजावायचा, की बाबांनो, सायकलीला पंप लावू नका, पाणी पोटात जातं. पण प्रेमाच्या भरात शहाणपण गहाण पडलं, दुसरं काय!

दुपारी पूजा झाली. पाने, पुलर, हातोडी, पक्कड, सगळं धुऊनपुसून पाटावर, वर झेंडूची फुलं. मधोमध बी.बी. उघडायचा आकडीचा पाना. ट्रकाच्या पाट्याचं लोखंड तापवून त्याच्या बापाने, पांडुरंगाने, तो घडवला होता. घरची रीत अशी, की पाटावर गेलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही. पांडुरंगाने चाळीस वर्षांत उचललं नाही, गोकुळदासाने तीस वर्षांत नाही.

चार वाजता तनया सायकलीवर एक फेरी मारून आली ती रडवेली होऊन.

"बाबा, बी.बी. वाजता. कर्र कर्र करता. काल मी व्हाळातसून सायकल घातली, तेच्यानच झाला. माजीच चूक."

गोकुळदासाने पायडल फिरवलं. आत खडे असल्यासारखं हाताला लागलं. सांगाड्याच्या तळातून तांबूस पाणी ठिबकलं. व्हाळातून, ओढ्याच्या पाण्यातून, गेलेली सायकल काल संध्याकाळी त्याने स्वतः तपासली होती, तेव्हा सगळं ठीक होतं. पाणी कुठून आलं हे त्याला त्याच क्षणी कळलं. आणि तो काही बोलला नाही. हे त्याचं वागणं वाईटच होतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

"पाटावरचा उचला मां," त्याची बायको सुलोचना म्हणाली. "देव काय खावचो नाय."

"आज नाय," तो म्हणाला आणि हार घातलेली स्कूटर काढून दुसरीकडून पाना आणायला निघाला.

अस्नोड्याला कायतान मेस्त्रीचं गॅरेज. कायतान ख्रिस्ती, त्याच्याकडे कसला दसरा, असा गोकुळदासाचा हिशेब. गॅरेजात जाऊन पाहतो तो फळीवर सगळी हत्यारं ओळीने मांडलेली आणि वर झेंडूची फुलं.

"तुका खंयचो दसरो मरे?" गोकुळदास उखडलाच.

"गिरायकां सगळी तुमचीच," कायतान हसला. "हत्यारांक फुलां नाय दिसलीं तर गाडयो हाडचीं नात. आणि आतां माकाय बरें दिसता." काम ऐकल्यावर त्याने मात्र क्षणाचाही विचार केला नाही. "घे, कितें जाय तें उचल."

गोकुळदासाने हात पुढे केला. फुलं ताजी होती. एक फूल बाजूला सारावं लागणार होतं. तिथे त्याचा हात थांबला. आपलं पाटावरचं राखायचं म्हणून दुसऱ्याच्या पूजेतलं उचलायचं! त्याला स्वतःचीच शरम वाटली. अशी शरम त्याला सकाळी पंप धरताना वाटायला हवी होती.

"नाका," तो म्हणाला. "घरांच आसा माजें."

घरी येऊन त्याने पाय धुतले, पाटासमोर हात जोडले आणि फुलं बाजूला करून आकडीचा पाना उचलला. मग पुलर उचलला. सुलोचनाने रॉकेलाची वाटी अंगणात नेऊन ठेवली.

अंगणात सायकल उलटी केली. पुलरने दोन्ही बाजूंचे क्रँक, म्हणजे पायडलांचे दांडे, ओढून काढले, डावीकडची रिंग आकडीने सोडवली, छऱ्यांचा कप फिरवून काढला. छऱ्यांबरोबर पांढरा फेस बाहेर आला. तनया वाकून पाहत होती. व्हाळात साबण नसतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"मीच ती पंपान धुयली," गोकुळदास म्हणाला. "तुजी चूक नाय गो. मघाशी बोलाक जमला नाय. तू रडतंस तें बघून पण गप रवलंय."

तनयाला राग आला होता, आणि तो यायलाच हवा होता. मग तिने रॉकेलाची वाटी पुढे ओढली आणि एकेक छर्रा घासायला बसली. दोन छऱ्यांना ओरखडे होते. त्याने डब्यातून बावीसच्या बावीस नवे काढून दिले. दोन्ही कप पुसले, ग्रीस भरलं, छर्रे बसवले. डावा कप आवळला, पाव फेरा मागे घेतला, पुन्हा जरासा पुढे. घट्ट नको, खेळही नको. तिला हात लावून बघायला लावलं. तिने पायडल फिरवून कान लावला आणि मान डोलावली. दिवेलागणीला पाना ग्रीससकट परत पाटावर गेला.

सकाळी पार्शाला गोकुळदास शेवटच्या चढाच्या वळणावर, काजूखाली उभा राहिला. झाडीमुळे पुढचं दिसत नव्हतं, म्हणून त्याने कानच रस्त्याला लावले. एक सायकल आली, तिची चेन खडखडत होती. दुसरीचा ब्रेक घासत होता. तिसरीचा बी.बी. कुरकुरत होता, तसा तो पुढे सरसावला. पण ती मुलगी दुसरीच होती. तो तिच्याकडे वळून पाहत असतानाच पाठीमागून वारा लागला. त्याने मान फिरवली तेव्हा तनया वळण पार करून गेली होती. फक्त पाठ दिसली.

ती चौथी आली. संघात चौघीच घेतल्या.

"बाबा, तुमी वळणावर होतात मां?" तिने विचारलं. "मी तुमच्या बाजूनच गेलंय. तुमी बघूकच नाय."

"आवाजच इलो नाय गो," गोकुळदास म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं.