चंदाबाईची टोळी

चामोर्शी तालुक्यातल्या त्या नाल्याकाठच्या गावात रोवणीच्या दिवसांत सकाळी सगळ्यात आधी बाहेर पडायची ती चंदा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, साडीचा काष्टा वर खोचलेला, हातात डबा. रस्त्यानं चालता चालताच हाका सुरू व्हायच्या.

"चला वो बायांनो! परे वाट पाहून राह्यले. बेबी, तुयी पोट्टी उठली का नाई अजून?"

धानाच्या रोवणीचे, म्हणजे परे ही धानाची रोपं चिखलात लावायचे, ठेके घेणं हे चंदाचं काम. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी तिला फोन करायचे. एकराचा भाव तीच ठरवायची, आणि आलेला पैसा टोळीतल्या सगळ्या बायांत सारखा वाटायची. फोनचा आणि धावपळीचा म्हणून तिला एक वाटा जास्त मिळे, तोही बायांनीच ठरवून दिलेला. आधी याच बाया रोजीनं जायच्या तेव्हा गड्याच्या निम्मी मजुरी पदरात पडायची, आणि तीसुद्धा संध्याकाळी मालकाच्या ओसरीवर ताटकळून. टोळी झाली आणि रोवणीच्या महिन्यात एकेक बाई नवऱ्यापेक्षा जास्त कमवू लागली. नवरे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडत, हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जात. पावसाळ्यात बायकोच्या हातात नोटा बघायची त्यांना सवय नव्हती.

चंदाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा धनराज बल्लारपूरला कागदाच्या मिलमध्ये ठेकेदाराकडे लागलेला. खोलीचं भाडं आणि खानावळ जाऊन उरेल ते तो घरी पाठवायचा. घरात चंदा, सून पुनम आणि दीड वर्षाची नात दिव्यानी. गेल्या वर्षी चंदानं छपरावरचे कवेलू काढून टिना टाकल्या, पुढे सिमेंटची ओसरी काढली, पुनमला शिलाई मशीन घेऊन दिली. त्या टिना गावाला लांबूनही दिसत. चंदाची गुडघाभर चिखलात वाकलेली पाठ मात्र कोणाला दिसली नाही.

टोळीत सगळ्यात लहान नंदिनी, मुखरू आणि बेबीची मुलगी. बारावी झाली होती. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं, त्यासाठी रोवणीचा पैसा ती बाजूला ठेवत होती. त्या दिवशी दुपारी सगळ्या बाया बांधीच्या पाळीवर, धानाच्या वाफ्याच्या बांधावर, जेवायला बसल्या. नंदिनीच्या डब्यात नुसता भात होता.

"कोरडाच भात खाशीन का व? घे," म्हणत चंदानं आपल्या डब्यातली अंबाडीची भाजी तिच्या भातावर घातली. पोरीनं मिटक्या मारत खाल्ली.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत नंदिनीला हुडहुडी भरली होती.

ताप उतरेना. गावच्या आशाताईनं गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मलेरिया वाटते. तालुक्याले नेऊन रक्त तपासा, थांबू नका." पण नाल्याला पूर होता, नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, रपट्यावरून, पाणी वाहत होतं. मुखरू म्हणाला, पाणी उतरू दे. तोवर तो बापूरावाला घेऊन आला.

बापूराव गावचा देव पाहणारा. तांदळाचे दाणे मांडून कोणावर काय आलं ते सांगायचं, ही त्याची रोजी. नारळ, कोंबडं आणि देणाऱ्याच्या भीतीइतका पैसा, अशी ती कमाई. त्या कमाईवर गावात कोणी बोट ठेवत नसे. तो नंदिनीच्या खाटेशी बसला, तिच्या तोंडावर राख फुंकली आणि मोठ्यानं विचारलं, "सांग पोरी, कोणी खायले घातलं तुले?"

पोरगी शुद्धीत नव्हती. तापानं डोळे वर गेले होते. ती पुटपुटली, "चंदाबाई... भाजी... चंदाबाई."

ओसरीत जमलेल्या लोकांच्या अंगावर काटा आला. बापूरावानं तांदूळ गोळा केले. त्याला आणखी काही बोलायची गरजच पडली नाही.

ही गोष्ट पुनमच्या कानावर हातपंपावर आली. ती पोचताच बायांचं बोलणं थांबलं. मग एकीनं बादली उचलता उचलता म्हटलं, "तुयी सासू रात्री मंत्र म्हणते म्हणे. तूच त सांगतलं होतं."

पुनमला आठवलं. मागे कधीतरी ती हसत हसत बोलून गेली होती, आमच्या आत्याबाई झोपेतही बांध्या मोजतात, बरळतात. त्या हसण्याचं आता हे झालं होतं. "तसं नाई वो..." ती म्हणाली. पण ऐकायला कोणी थांबलंच नाही.

ती पाणी न भरताच घरी आली. सासू चुलीपुढे दिव्यानीसाठी भात कालवत होती. "ये व माय," म्हणून चंदानं हात पुढे केला आणि पुनमनं लेकरू झटकन ओढून घेतलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. चार वर्षं याच बाईच्या हातचं ती खात होती. बाळंतपणात हिनंच तिचे पाय चेपले होते. आपण मूर्खपणा करतोय हे तिला कळत होतं. तरी मनाच्या तळाशी काहीतरी थंडगार हललं होतं : आणि खरं असलं तर?

चंदानं सुनेकडे बघितलं. हात मागे घेतला, कालवलेला भात तसाच झाकून ठेवला.

"आलं का तुयाही कानावर?" एवढंच ती बोलली.

दुपारी पाऊस थांबला आणि मारुतीच्या पारावर माणसं जमू लागली. चंदानं पोलीस पाटील गुणवंतरावांना फोन केला.

"भाऊ, लोकं माह्या घराकडं येऊन राह्यले. तुम्ही या."

"पाहतो, पाहतो," गुणवंतराव म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन लागेना. पुनमनं धनराजला फोन केला. तो ओरडतच होता, "पोलिसाले फोन लाव! आईले घेऊन मांगच्या बांधीतून निंघ, पक्क्या रस्त्याले लाग!"

"मी पळाली त म्हणतीन खरंच होतं," चंदा म्हणाली. पण तिनं दाराला कडी घातली, आतून वाटायचा पाटा टेकवला, आणि हात कुठे ठेवावे ते न कळून तशीच उभी राहिली. पुनमनं पोलिसांना फोन लावला. नाल्याला पाणी आहे, गाडी निघते, असं उत्तर आलं.

पायांचा आवाज आधी ऐकू आला. मग टिनांवर दगड पडू लागले. लेकरू किंचाळलं. बाहेरून जे आवाज येत होते ते सगळे ओळखीचे होते, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. कोणी भाऊ, कोणी दीर, कोणी कालच बिडीसाठी आगपेटी मागून गेलेला. दार तिसऱ्या धक्क्याला निखळलं.

चंदाला ओढत मुखरूच्या अंगणात नेलं. पुनम दिव्यानीला कडेवर घेऊन मागोमाग धावली. ओसरीत नंदिनी खाटेवर पडली होती, उशाशी बेबी दगडासारखी बसलेली. टोळीतल्या बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदराचे बोळे तोंडात धरून. एकीनंही चंदाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

बापूराव शांतपणे म्हणाला, "हे पाह्य चंदा. तिच्या अंगावरून हात फिरव आन म्हण, मी केलं, मी परत घेतो. बस. सोडून देऊ तुले."

चंदाची साडी भिजली होती, ती चिखलानं की भीतीनं हे तिचं तिलाही कळत नव्हतं. पुनम तिच्या कानाशी वाकली. "आत्याबाई, हो म्हणून टाका वो. पाया पडतो तुमच्या. हो म्हणा आन चला."

चंदाला हो म्हणावंसं वाटत होतं. तोंडात शब्द आलाच होता. तेवढ्यात तिची नजर खाटेकडे गेली. पोरीचे ओठ काळे पडले होते, श्वास घोगरा चालला होता.

"मी हो म्हटलं," तिनं विचारलं, "त पोट्टीले दवाखान्यात न्याल का?"

"करणी निंघाल्यावर दवाखान्याचं काय काम?" बापूराव म्हणाला.

"मंग मी हो नाई म्हणत."

"काय?"

"मी हो म्हटलं का तुम्ही हिले इथीच ठेवान. मरन ते! मुखरूभाऊ, मी काई नाई केलं. मले मंग मारा, पण आधी तिले न्या. पाणी उतरलं असन आता..."

पहिली काठी मुखरूनंच मारली. मुलगी मरायला टेकलेला बाप होता तो. आपण का मारतो आहोत हे समजायच्या पलीकडे गेलेला. पहिली पडली तशा बाकीच्या काठ्या सुटल्या. चंदा खाली बसली, डोक्यावर हात घेतले. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायांनीही ऐकला.

पुनमनं पुढे जे केलं, ते विचार करून केलेलं नव्हतं. ती त्या काठ्यांमध्ये शिरली आणि कडेवरची दिव्यानी तिनं चंदाच्या मांडीवर ठेवली.

"मारा आता," ती म्हणाली. "माहं लेकरू हिच्या मांडीवर देऊन राह्यली मी. आहे कोणात हिंमत?"

लेकरू आजीच्या गळ्याला बिलगून आकांत करू लागलं. वर गेलेल्या काठ्या वरच राहिल्या. पुनम तिथे थांबलीच नाही. ती ओसरीत चढली, बेबीला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "काकू, पाहा तिच्याकडं! पाहा ना! धरा खाट!"

बेबीनं पोरीकडे बघितलं. मग ती उठली आणि तिनं उशाकडून खाटेचा गात, बाजूचा दांडा, धरला; दुसरा पुनमनं. भिंतीपासच्या दोन बाया पुढे आल्या, त्यांनी पायाकडची बाजू उचलली. मुखरू आडवा आला तर बेबी अशी किंचाळली, की तो वाटेतून सरला. गुडघाभर पाण्यातून त्या चौघी रपटा ओलांडून गेल्या. पलीकडे पोलिसांची गाडी नुकतीच येऊन थांबत होती.

मलेरिया मेंदूत गेला होता. तालुक्याहून नंदिनीला गडचिरोलीला हलवलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी वाचली. चंदालाही पोलिसांनी लेकरासकट दवाखान्यात आणलं; तिचा हात दोन ठिकाणी मोडला होता. बापूराव, मुखरू आणि आणखी काही जणांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. थोड्या दिवसांत सगळे जामिनावर गावात परत आले.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, "मार बसला आन पोट्टी उठली. पाह्यलं ना?"

सलाईन, सुया, रात्रंदिवस जागलेल्या नर्सा, सगळं त्या एका वाक्याखाली गाडलं गेलं. पोरगी जगली हाच चंदाविरुद्धचा पुरावा ठरला. बापूरावाच्या अंगणात शेजारच्या गावांतूनही माणसं येऊ लागली. चंदाच्या फोनवर मात्र रोवणीसाठी कोणी बोलावेना, आणि बोलावलं तरी सोबत जायला बाया मिळेनात. धनराज म्हणाला, "आई, बल्लारपूरले चाल. इथी काय ठेवलं आता?"

"मी गेली त पुढच्या साली दुसरी कोणी शोधतीन मारायले," चंदा म्हणाली. ती हे धीटपणानं म्हणाली असं कोणी समजू नये. रस्त्यानं दोन माणसं मोठ्यानं बोलत गेली, तरी ती आतल्या खोलीत जाऊन बसत असे.

भादव्यात गुणवंतरावांनी ग्रामपंचायतीत बैठक बोलावली. चंदा गळ्यात हात बांधून, पुनमसोबत आली. गुणवंतराव गोड आवाजात म्हणाले, "झालं ते झालं. पोट्टीही वाचली. चंदाबाई, तक्रार मांगं घ्या. गाव तुमाले काई म्हणणार नाई."

चंदा काही बोलणार, तोच दारातून नंदिनी आत आली. केस विरळ झालेले, गाल बसलेले. मुखरू उठला. "तू काऊन आली? घरी जाय."

ती गेली नाही. भिंतीला हात टेकवून उभी राहिली. "तुम्ही मले विचारलं होतं, कोणी खायले घातलं. मी शुद्धीवर नोयती तवा विचारलं. आता शुद्धीवर आहो. आता विचारा."

बापूराव नखं बघू लागला.

"विचारा ना, बाबा. मले मच्छरानं ताप आला. तुम्ही ज्या बाईले मारलं, ते मार खाता खाता मले दवाखान्यात न्या म्हणत होती. आईनं सांगतलं मले. आन तुम्ही सांगून राह्यले का मारानं मी वाचली?"

मुखरूनं मान खाली घातली, ती वर केली नाही. एकेक जण उठून चपला शोधू लागला. गुणवंतरावांनी पुन्हा तक्रारीचं विचारलं, तेव्हा पुनम म्हणाली, "मांगं नाई घेत. लिहून देणारी मी आहो. माह्या तोंडून जे निंघालं होतं, तेही मी कोर्टात सांगीन."

खटला उभा राहिला आहे. त्या अंगणात अख्खं गाव होतं. साक्षीला मात्र तिघींचीच नावं आहेत : पुनम, नंदिनी, आणि स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध बोलायला तयार झालेली बेबी. बाकी गावाला पोलिसांनी घरोघर जाऊन विचारलं.

बाकी गाव त्या दुपारी रोवणीला गेलं होतं म्हणे.