चाकाच्या बेंबीतली कांडी

केंदूरच्या कोंडिबाला लोक थापाड्या म्हणत, आणि त्याला कारण एक बोटभर कांडी होती.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली तो दौंडला, रेल्वेतल्या एका गोऱ्या साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होता. गाडी ट्रायम्फ, अस्सल विलायती, दोन माणसांची, वर छप्पर नाही. साहेब शेजारी बसायचा आणि साहेबाचा कुत्रा मागच्या फळीवर. नोकरी टिकली तीन वर्षं, पण तिच्या गोष्टी चाळीस वर्षं पुरल्या. कुत्रा म्हणे रुळाला कान लावायचा आणि मनमाड पॅसेंजर जितकी मिनिटं लेट असेल तितक्यांदा भुंकायचा. एकदा तर मालगाडीच्या इंजिनानं शिट्टी मारून साईड मागितली आणि कोंडिबानं दिली नाही.

इथपर्यंत लोक चहाबरोबर ऐकून घेत. पण तो एकदा का म्हणाला, "साईड दाखवायची कांडी चाकाच्या बेंबीत व्हती, हारनाच्या बटनाला लागून," की मंडळी उठायची. ती कांडी स्टेअरिंगच्या चाकाच्या मधोमध नाही, खालच्या दांड्याला असते, हे जीपच्या मागं लोंबकळणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"बेंबी माणसाला असती, मामा. फार तर म्हशीला," असं कुणीतरी जाता जाता म्हणायचं.

बाकीच्या गोष्टींना आपण फोडणी दिली आहे, हे कोंडिबालाही कळत होतं. बेंबीची गोष्ट मात्र कोरडी खरी होती, आणि नेमकी तीच खोटी ठरली होती. मरायच्या आत ही एक तरी खरी ठरावी, एवढंच त्याला हवं होतं. बायकोनं, झुंबरबाईनं, तर पाहुण्यांपुढं बेंबी काढायची नाही असा दंडकच घातला होता.

साहेबानं जाताना सर्जेरावांच्या वडिलांना विकलेली तीच गाडी अठ्ठ्याण्णव साली तळेगाव ढमढेऱ्यात सर्जेरावांच्या कांदाचाळीत उभी होती. सर्जेराव सोसायटीचे चेअरमन. पुण्यात जुन्या मोटारींची मिरवणूक निघणार होती आणि तिच्या फॉर्मात एक प्रश्न होता: सर्व बटणे व कांड्या मूळ जागी आहेत काय?

स्टेअरिंगच्या दांड्याला भोकं दोन होती. एक उजवीकडं, एक डावीकडं. कांडी एकातही नव्हती. त्याचं असं, की सर्जेरावांचे वडील आणि चुलते वेगळे झाले, तेव्हा विहिरीसारखीच गाडीचीही पाळी लागली, सहा सहा महिन्यांची. ज्यानं त्यानं आपल्या पाळीत कांडीसाठी आपलं भोक पाडलं. आता सर्जेराव उजवं मूळ म्हणत होते आणि त्यांचा चुलतभाऊ हनुमंत डावं. हनुमंत सोसायटीत विरोधी पॅनेलचा, त्यामुळं त्याला दुसरा इलाजही नव्हता.

मग बांधाच्या तंट्याचं जे होतं तेच याचं झालं. पंच बसले. पंचनाम्याला कागदही बांध कोरल्याच्या तक्रारीचाच घेतला. गट नंबरच्या रकान्यात गाडीचा नंबर आला. चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस काच, पश्चिमेस सीट, उत्तरेस दार, दक्षिणेसही दार. राहिला वहिवाटीचा जुना साक्षीदार. असा जिवंत माणूस एकच निघाला.

कोंडिबा धुतलेलं धोतर नेसून जीपनं आला आणि गाडीत बसला.

"मामा, उजवं का डावं?" सर्जेरावांनी विचारलं.

"बेंबी."

पंच हसले. हनुमंत हळूच म्हणाला, "मामा, एक बाजू धरा. इलेक्शन तोंडावर हाय."

कोंडिबानं डोळे मिटले. अंगठा आपोआप चाकाच्या मधोमध गेला आणि पितळी झाकणाला अडला. ते कुंकवाच्या करंड्याचं होतं. सर्जेरावांच्या वडिलांनी कधीकाळी मधलं भोक बुजवायला ठोकलेलं.

"ह्ये काढा," कोंडिबा म्हणाला.

गाडीची वायरिंग करायला दौंडहून बन्सी आला होता. रेल्वेत सिग्नलवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्यानं झाकण उचकटलं. आत बारीक नळी होती आणि नळीत कुरतडलेल्या तारा. बन्सी गाडीच्या तोंडाशी जाऊन आडवा झाला.

"वढा," तो खालून म्हणाला.

कोंडिबानं तार ओढली.

"आली. दुसरं टोक हितं हाय."

ट्रॅक्टरची बॅटरी आणली. बेंबीतली एक तार जोडली, डावा दिवा लागला. दुसरी जोडली, उजवा लागला. बन्सीनं हात पुसले. "तार जिथवर जाती, कांडी तिथंच असती. मामांची बेंबी खरी हाय."

पंचांनी लिहिलं: सबब मूळ जागा बेंबी, दोन्ही भोकं अतिक्रमण. त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये कोंडिबाला ड्रायव्हरशेजारी एकट्याला सीट मिळाली. तिच्यावर एरवी चौघं बसत.

आठवडा सुखात गेला. मग सर्जेराव आणि हनुमंत एकत्रच दारात आले, बरोबर कागद घेऊन पंच.

"मामा, सगळ्यात अशक्य गोष्ट तुमची खरी निघाली," सर्जेराव म्हणाले. "म्हंजी बाकीच्या खऱ्याच. सोसायटीपुढं त्या कुत्र्याचं स्मारक करतोय."

"डाव्या अंगाला," हनुमंत म्हणाला.

"ते मागनं बघू."

कोंडिबा लगबगीनं उठला. "आवं, कुत्र्याचं म्या रचलं व्हतं. बेंबी तेवढी खरी."

सर्जेरावांनी हनुमंताकडं पाहिलं. "मोठी माणसं अशीच बोलत्यात."

"आमी चाळीस वर्सं मानलं न्हाई, त्याचा राग धरू नका, मामा," हनुमंतानं हात जोडले.

झुंबरबाई चहा घेऊन आली. "खोटंच हाय त्ये."

"मामी, बेंबीलाबी तुमी खोटंच म्हणत व्हता."

झुंबरबाई कप ठेवून आत गेली. लग्न झाल्यापासून ती प्रथमच वादात हरली होती, आणि कोंडिबाला त्याचाही आनंद घेता येईना.

"तो कुत्रा ठार भैरा व्हता," कोंडिबा म्हणाला. एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा तर पंचांच्या गुडघ्याला हात लावून म्हणाला.

पंचांनी मान डोलावली आणि दगडावर कोरायच्या मजकुरात तेही लिहून घेतलं: बहिरा असूनही.