एकाआड एक ओळ

अक्षदाने चर्चच्या फाटकाशी स्कूटर थांबवली आणि सासूला हात धरून उतरवलं. हात मात्र सोडला नाही.

"आई, डॉक्टरांनी आठ दिवस वाचू नका म्हणून सांगितलंय. मग आत जाऊन करणार काय?"

"बसेन."

"बसायला घरी खुर्ची नव्हती व्हय?"

जयाबाईंनी हसून हात सोडवून घेतला. मंचरला काल त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. त्यावर पट्टी होती आणि डावा डोळा आधीपासूनच अधू. पाळकसाहेबांनीही फोनवर सांगितलं होतं, आता एकदम रविवारीच या.

पण रोज संध्याकाळच्या सहाच्या प्रार्थनेला माणसं दोन लागतात. जयाबाई पुण्याला सिस्टरांच्या मठातल्या वसतिगृहात राहून शिकल्या, तेव्हा सखूबाई तिथल्या स्वयंपाकघरात होत्या. मठाची रीत दोघींनी तिथेच उचलली. समोरासमोरच्या बाकांवर बसायचं. त्या तारखेला नेमलेलं स्तोत्र घ्यायचं, मन असो वा नसो. एक ओळ हिने म्हणायची, पुढची तिने. फाटकाबाहेर पडेपर्यंत दुसरा शब्द बोलायचा नाही. पुढे सिस्टर गेल्या, मठही बंद झाला. ओतूरच्या या लहानशा चर्चमध्ये मात्र दोघींनी ही रीत वीस वर्षं चालवली होती.

गेले सात महिने फाटकाबाहेरही शब्द नव्हता. महिला मंडळाच्या चहाच्या वेळी जयाबाई बोलून गेल्या होत्या, "सखूबाईंना वाचता कुठे येतं? सगळी स्तोत्रं ऐकून पाठ आहेत." त्यांना ते कौतुक वाटलं होतं. सखूबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या. जन्मभर पुस्तक हातात धरून त्यांनी जे झाकलं होतं, ते एका वाक्यात उघडं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सहाला मात्र त्या हजर होत्या. तेव्हापासून दोघींमध्ये काही उरलं असेल, तर या ओळीच. आज त्याही थांबल्या, तर पुन्हा सुरू होतील याची जयाबाईंना खात्री नव्हती.

चाचपडत त्या आपल्या बाकावर बसल्या. समोर सखूबाईंचं पातळ अंधुक दिसत होतं. घड्याळात सहा वाजले.

पहिली ओळ जयाबाईंना आठवली. सखूबाईंनी दुसरी म्हटली. तिसरी जयाबाईंना आठवेना. पाठांतरावर विसंबू नका, डोळ्यांनी बघा, असं त्यांनी विज्ञानाच्या तासाला तीस वर्षं मुलांना सांगितलं होतं. त्यांनी पुस्तक डाव्या डोळ्याजवळ नेलं. पान नुसतं करडं दिसलं. त्यांनी ते मिटून मांडीवर ठेवलं.



मग समोरचं बाक करकरलं. सखूबाई मधली वाट ओलांडून आल्या आणि जयाबाईंना खेटून बसल्या. त्यांनी तिसरी ओळ हलक्या आवाजात सांगितली आणि थांबल्या. जयाबाईंनी ती म्हटली. चौथी सखूबाईंनी स्वतःची म्हणून मोठ्याने म्हटली. पाचवी पुन्हा हलक्या आवाजात.

नवव्या ओळीशी जयाबाई अडल्या. ओळ सांगून झाली होती, पण त्यांच्या तोंडून वेगळंच आलं.

"चुकलं माझं, सखूबाई."

सखूबाईंनी नववी ओळ पुन्हा सांगितली, तशीच हलक्या आवाजात, आणि वाट पाहिली. जयाबाईंनी ती म्हटली.

आमेन झाल्यावर सखूबाईंनी त्यांचं कोपर धरलं. दोघी पायऱ्या उतरल्या, फाटकाबाहेर आल्या.

"मधीच बोलत्यात व्हय गं?" सखूबाई म्हणाल्या. "एवढी मास्तरीण झालीस अन् रीत इसरलीस. सिस्टरनी कान पिळला असता."

"राहवलं नाही."

"अन् मला एकटीला गाठून काय सांगती? बोललीस तवा बारा जणी व्हत्या. रविवारी त्या बारा जणींम्होरं सांग."

पलीकडे अक्षदाने स्कूटर सुरू केली. सखूबाईंनी कोपर सोडलं नव्हतं.

"सांगते," जयाबाई म्हणाल्या.

"अन् कागदावर उतरून आणू नको. पाठ करून ये."