खंदकात पाणी कुठून येतं

"ते सगळं राहू दे. ह्यात पाणी कुठून येतं, तेवढं सांग."

"कशात?"

"ह्यात गं." चावीवाल्याने नकाशावर बोट टेकवलं.

थायलंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या शहराचा नकाशा होता तो. बायकोने चार कागदांवर छापून आणून चिकटपट्टीने जोडलेला. जुनं शहर चौकोनी, आणि चौकोनाभोवती चारी बाजूंनी पाण्याचा खंदक. बायकोने लाल पेनाने देवळं, बाजार, राहायची जागा अशा खुणा केल्या होत्या. चावीवाल्याचं बोट मात्र त्या निळ्या रेघेवरून एकदा फिरलं, दोनदा फिरलं, आणि वायव्येच्या कोपऱ्यात थांबलं.

"डोंगर पश्चिमेला. म्हणजे उतार इकडून. पाणी ह्या कोपऱ्यातून आत घेत असणार. पण मग जादा झालं की सोडतात कुठून?"

"लोक देवळं बघायला जातात. आमचे हे खड्डा बघायला निघालेत."

"खड्डा नाही, खंदक."

"तिथे तरी पाणी मुरू द्या हो कुठे मुरायचं तिथे," असं म्हणून ती हसली आणि पुन्हा छत्रीच्या काडीला तार ओवायला लागली.

इथे गोष्ट जरा मागे घ्यायला हवी. चावी गच्च बसली की आधी अर्धा आटा उलटा देतात, तशी.

अर्धा आटा मागे

चावीवाला म्हणजे कुलुपांच्या चाव्या करणारा नव्हे. गावाला पाणी सोडणारा. रस्त्याखाली चौदा व्हॉल्व्ह, प्रत्येकावर लोखंडी झाकण. झाकण उचलायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत उतरवायची, आणि तिचा आडवा दांडा धरून गोल फिरवायचं. कुठली चावी किती आटे उघडली म्हणजे चढावरच्या घरांनाही पाणी चढतं आणि खालच्यांचे नळ फुटत नाहीत, हे एकट्याला ठाऊक. एकतीस वर्षं. ताप आला तर तापासकट गेला, पण गेला.

बायको छत्र्या दुरुस्त करायची. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्याकडे एक कागदी छत्री टाकून गेलं, ते परत आलंच नाही. त्या शहराजवळच्या एका गावात बनलेली. लोखंड नावाला नाही. बांबूच्या काड्या आणि दोरा. बावीस वर्षं छत्र्या हाताळलेल्या बाईला ती कशी उघडते ते कळलं, पण मिटल्यावर इतक्या काड्या एकमेकींच्या कुशीत कशा बसतात ते काही कळेना. तीन वर्षं ती छत्री उघडत होती, मिटत होती. मग एक दिवस ती म्हणाली, "बनवणाऱ्यालाच विचारून येते." आणि चार दिवसांची दोन तिकिटं काढून मोकळी झाली. शनिवारची.

रजा मात्र मंजूर व्हायची होती.

साहेब

"चार दिवस? आणि पाणी काय मी सोडू?"

"मीटरबाई सोडतील, साहेब."

घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. "मला हौस आहे हो, काका. पण कुठली किती फिरवायची, ते लिहिलेलं कुठेय?"

साहेबांनी कपाट उघडलं. कपाटात जुन्या पंख्याची पाती होती, फुटका माठ होता. चौदा चाव्यांचा कागद नव्हता. एकतीस वर्षांत कुणाला तो लागलाच नव्हता.

"लिहून द्या," साहेब म्हणाले. "गुरुवारी ह्या त्या कागदावरून पाणी सोडतील. तुम्ही घरी बसायचं, फोनसुद्धा घ्यायचा नाही. गावात ओरड झाली नाही, तर जा खुशाल."

कागद

*पहिला दिवस: सामान टाकणे. लगेच खंदक, वायव्य कोपरा. एक बाजू साधारण दीड किलोमीटर, चार बाजू मिळून दोन तास. (बायको: "पाय माझेपण आहेत.")*
*दुसरा दिवस: छत्र्यांचं गाव. पूर्ण दिवस. बायको म्हणेल तोपर्यंत.*
*तिसरा दिवस: देवळं. परत येताना खंदक, आग्नेय कोपरा. पाणी बाहेर कुठून जातं?*
*चौथा दिवस: परत. वेळ उरल्यास खंदक.*

हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्याने लिहिलं, "चावी नंबर एक," आणि घोडं तिथेच अडलं.

आकडा आठवेना. डोळे मिटले, कपाळ चोळलं, उपयोग शून्य. डोक्यात नव्हताच तो. शेवटी तो उठला, स्वयंपाकघरात गेला, झाडूचा दांडा उभा धरून फिरवायला लागला. हात आपोआप थांबला.

"अकरा!" तो ओरडला. "लिही, एक नंबर, अकरा आटे!"

बायकोने काम टाकून पेन घेतलं. ओटा आणि फडताळ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत माणूस झाडू घेऊन गोल फिरतोय, आणि बायको दारात बसून आटे मोजतेय.

"शेजारी बघतील तर म्हणतील, आटे ढिले झाले ह्यांचे."

"बोलू नकोस, मोजणं चुकतं. चार नंबर, साडेसात. मग तिथे जरा थांबायचं. हवा निघून जाऊ द्यायची."

"किती थांबायचं?"

"आता ते कसं सांगू? शेजारच्या दुकानदाराला 'काय, बरंय ना' विचारायचं, तो 'बरंय' म्हणेपर्यंत."

तिने लिहिलं: *एक मिनिट.*

नऊ नंबरला तो वळला, पाठ फडताळाकडे झाली, दांडा उलट्या बाजूने फिरला. बायकोने ते पाहिलं. तिला वाटलं, जागा अपुरी म्हणून. "नऊ, तेरा आटे," तिने लिहिलं.

चौदा नंबर त्यांच्याच गल्लीचा. सोळा आटे.

मग तो कागद समोर धरून बराच वेळ बसला. एकतीस वर्षं, एकाच बाजूवर मावलेली. खाली चार बोटं जागा उरली होती.

"काय झालं?"

"काही नाही. मला वाटलं होतं, दोन कागद तरी लागतील."

गुरुवार

शाळेच्या बाजूची चाळीस घरं कोरडी राहिली. मीटरबाईंनी कागदाबरहुकूम नऊ नंबर डावीकडे फिरवला होता, आणि तो उघडायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला होता. बाया बादल्या घेऊन कचेरीत.

चावीवाल्याला बोलावणं आलं. तो गेला, चावी उतरवली, फिरवली, आणि पहिल्यांदाच आपल्या हाताकडे पाहिलं. हात उजवीकडे फिरत होता. कधीतरी, तो नोकरीला लागायच्याही आधी, कुणीतरी तिथे उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह बसवला होता. पहिल्या आठवड्यात हाताला ते कळलं, आणि हाताने डोक्याला कधी सांगितलंच नाही.

"बघा," साहेब गर्दीसमोर म्हणाले, "ह्यांच्याशिवाय गावाचं पान हलत नाही."

"काका, जाऊ नका बाई कुठे," एक बाई म्हणाली.

चावीवाला घरी आला तो फुगून. चप्पल काढता काढता त्याने सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले ते दोनदा. बायको ऐकत होती. तिने बॅगेतून त्याचे दोन सदरे काढले आणि घडी न मोडता परत कपाटात ठेवले. मग ती कागदी छत्री उघडली. मिटली.

"नऊला तुम्ही उलटे फिरला होतात," ती म्हणाली. "झाडू घेऊन. मी पाहिलं होतं. मला वाटलं, जागा नाही म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"मी काय चाव्या फिरवते? आता बोलले ना. लिहायचं असेल तर लिहा."

टेबलावर पेन होतं, कागद होता. नाही लिहिलं तर कुणी विचारणारही नव्हतं. चढ आहे, जुने पाइप आहेत, नऊ नंबर लहरी आहे. लोकांनी मान डोलावली असती. चावीवाल्याने कागद उलटला. मागे त्याच्याच अक्षरात होतं: *पाणी बाहेर कुठून जातं?*

त्याने कागद पुन्हा उलटला आणि त्या चार बोटांच्या जागेत लिहिलं: *नऊ नंबर उलटा आहे. उजवीकडे उघडतो.* मग खाली रेघ मारली. मग आणखी एक.

कचेरीत मीटरबाईंनी ते वाचलं, मागची बाजूही वाचली. "काका, वायव्य कोपऱ्यात काय आहे एवढं?"

"तेच तर बघायचंय."

"उद्या पुन्हा सोडते. साहेबांना मी सांगते. बसा घरी."

शुक्रवार, सकाळ

सात वाजायला वीस मिनिटं. चावीवाला मोरीपाशी पाटावर बसला होता. काल पाण्याच्या वेळेला तो घरी होता, पण दाराच्या पायरीवर, रस्त्याकडे कान लावून; मोरीपाशी आयुष्यात पहिल्यांदाच. पाणी यायचं तेव्हा तो नेहमी रस्त्यावर असे, झाकणावर वाकलेला. आपल्या घरात पाणी कसं येतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

आधी नळातून उसासा आला. मग खोकल्यासारखं काहीतरी, दोनदा. एक तांबूस थेंब. आणि मग भसकन धार.

"असं येतं?"

"रोज असंच येतं," बायको म्हणाली. "सरका, बादली लावू द्या."

"थांब जरा. ऐकू दे."

तिने घड्याळाकडे पाहिलं. "रोजच्यापेक्षा दोन मिनिटं आधीच आलं की!" मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "दुकानदाराशी बोलल्या नसतील."

शाळेच्या बाजूने ओरड नव्हती. बाहेर बादल्यांचे आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. चावीवाल्याचं नाव कुणी काढलं नाही. बायकोने बादल्या भरल्या, पिंप भरलं, हात पुसले, आणि कपाटातले दोन सदरे पुन्हा बॅगेत ठेवले. छत्री सगळ्यात वर, टॉवेलात गुंडाळून.

सात वीसला पाणी बंद करायची वेळ. चावीवाल्याचा उजवा हात मांडीवर होता. तो आपणहून वळला, फिरायला लागला. एक आटा, दोन, तीन. नळाची धार बारीक झाली. आठ, नऊ. दोऱ्याएवढी झाली. तेरा आट्यांना ती थांबली.

चौदा नंबरचे सोळा; हाताला अजून तीन द्यायचे होते. त्याने ते दिले, आणि मग उठून नळ बंद केला.