एवढाच शब्द

"चिकट," हिरामण म्हणाला.

पल्लवीने ओल्या फडक्याने वडिलांचे हात पुसले.

"चिकट!" तो चिडला.

"पंखा लाव गं," सुवर्णा स्वयंपाकघरातून ओरडली. पंखा फिरला, तसा तो शांत झाला.

दोन वर्षांपूर्वी "भात चिकट झालाय" म्हणता म्हणता तो ताटावरच कलंडला होता. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो एवढाच शब्द. इंदिरानगरातल्या आपल्या सलूनमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस आता तहान, दुखणं, राग, लाज सगळं त्या एका शब्दात सांगायचा. सुरुवातीला सुवर्णाला वाटे, अजून आपल्या भातालाच नावं ठेवतोय. मग हळूहळू तिला सूर कळू लागले. तुटक म्हटला तर लघवी. नाकात म्हटला तर कूस बदलायची. दुसऱ्या कुणाला ते उमगत नव्हतं, म्हणून तिला एक रात्रही घराबाहेर काढता येत नव्हती.

येवल्याला तिची धाकटी बहीण राखी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. "ताई, एकदा तोंड दाखव," एवढंच ती फोनवर म्हणाली. म्हणून पल्लवी सासरहून आली.

"आई, तू जा. मी बघते बाबांचं."

सुवर्णा स्टँडवर पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"आई, बाबा घासच घेत नाहीयेत. सारखं तेच चाललंय. थांब, तूच ऐक."

पल्लवीने फोन त्याच्या तोंडाशी धरला.

"चि...कट," तो म्हणाला. अगदी हळू, शेवट ओढत.

हा सूर सुवर्णाच्या ओळखीचा होता. रात्री घाबरून जाग आली की तो असा म्हणायचा, आणि ती जवळ येऊन बसेपर्यंत म्हणत राहायचा.

"काय म्हणतायत गं?" पल्लवीने विचारलं.

येवल्याची गाडी लागली होती. माणसं दाराशी रेटारेटी करत होती.

"जाऊन ये म्हणतायत," सुवर्णा म्हणाली. "दुधात पोळी कुस्करून दे. खातील."

ती गाडीत चढली. खिडकीपाशी जागा मिळाली. द्वारका चौक मागे पडला तरी फोन तिच्या मुठीतच होता.

"मावशी, कुठं?" कंडक्टरने विचारलं.

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा कुठे ती "येवला" म्हणाली.