पडद्यावरची अक्षरं

सॉफ्टवेअरवाल्यांच्या दोन परिषदा एकत्र करायचं ठरलं तेव्हाच कोणीतरी म्हणालं होतं, दोन जावांना एका चुलीवर आणू नका. पण शहाण्याचं ऐकायला वेळ कुणाला? एकीकडे गर्दी आणि थाट होता, दुसरीकडे माणसं मोजकी पण जिवाला जीव देणारी. त्यांना नावंही तशीच पडली, थोरली आणि धाकटी. दोघींसाठी समुद्राकाठचं नवंकोरं सभागृह घेतलं. ते इतकं नवं होतं की भिंतीला टेकलं की रंग पाठीवर यायचा, आणि काचेचं दार ढकलायचं की ओढायचं हे दारालाही ठाऊक नव्हतं.

धाकटी तिची. खरं तर तिला सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कळायचं ते नवऱ्याला. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका तापात त्याचे दोन्ही कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, हुशारी तर होतीच. पण त्याच्या धंद्यातली माणसं जमली की तो मागच्या खुर्चीत बसायचा आणि लोक टाळ्या वाजवताना दिसले की आपणही वाजवायचा. एकदा तिने ते पाहिलं. म्हणून तिने धाकटी काढली. तिथे पहिल्या वर्षापासून एक मावशी स्टेजखाली बसून, बोललेला शब्द न् शब्द पडद्यावर टाइप करायच्या. वक्त्याची शिंकसुद्धा.

"मी काही गाळत नाही," मावशी म्हणायच्या. "गाळायला मी काय चहा करतेय?"

घरी ते काम तिचं होतं. डॉक्टर, बँक, शेजारी, फोन. समोरचा बोलायचा, ती लॅपटॉपवर लिहायची, तो वाचायचा. तिचा हात झरझर चालायचा. पण मावशी आणि ती यांच्यात एक फरक होता आणि तो नवऱ्याला माहीत नव्हता.

त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत तो उठला, रोजच्यासारखी कानाशी एकदा चुटकी वाजवून पाहिली आणि दाढी करायला गेला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"त्याला म्हणावं, नको चढूस स्टेजवर," त्या म्हणाल्या. "लोक हसतील गं. माझा काही डोळ्याला डोळा लागला नाही बघ."

तो टॉवेल खांद्यावर टाकून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत उभा होता. तिने लिहिलं, 'आई म्हणतात, खूप खूप शुभेच्छा.'

"आई सुधारली म्हणायची," तो हसून म्हणाला.

तो खुशीत होता. कंपनीने घरी बसवल्यापासून त्याने खोलीचं दार लावून एक साधन बनवलं होतं. मोठ्या प्रोग्राममध्ये नेमका कुठला बदल नडला, ते शोधून देणारं. आज जेवणानंतर मोठ्या हॉलमध्ये ते तो दाखवणार होता. जमलं तर तो पुन्हा आपल्या माणसांत जाणार होता. फसलं तर त्या खोलीचं दार पुन्हा उघडणार नव्हतं. तो हे बोलला नव्हता, पण तिला ते पक्कं ठाऊक होतं.

जेवणाआधी ती हॉलमध्ये डोकावली आणि जागच्या जागी थांबली. स्टेजखाली टेबल नव्हतं. खुर्ची नव्हती. तिने थोरलीच्या मुख्य आयोजकाला गाठलं. हा माणूस कशालाही हो म्हणायचा, म्हणून सगळे त्याला होयबा म्हणत.

"टाइप करणारे तुमचे लोक कुठे बसणार आहेत?"

"आमचे? आम्ही त्यांना या वर्षी नाही सांगितलं," होयबा म्हणाला. "तुमच्या मावशी एवढ्या छान. म्हटलं, तुमचा मान राहू दे."

मावशींना तर तिनेच या वर्षी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. थोरलीचं सगळं भव्य असणार, त्यात आपली मावशी आणि आपलं लाकडी टेबल कुठे दिसेल, असं तिच्या मनात आलं होतं. तिला लाज वाटली होती, दुसरं काही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, आणि पाहुणा तिचा स्वतःचा नवरा होता.

"मशीनकडून लिहून घेऊ ना," होयबा म्हणाला. पण एवढे संगणकवाले एका छताखाली आल्यावर नव्या सभागृहाच्या इंटरनेटने सकाळीच मान टाकली होती. तिने मावशींना फोन लावला. त्या लेकीकडे गेल्या होत्या, पार दुसऱ्या टोकाला.

"मग त्याचं भाषण उद्यावर ढकला," ती होयबाला म्हणाली. " निदान प्रश्न तरी नका ठेवू. मी हात जोडते."

"हो, हो," होयबा म्हणाला, आणि मग जरा वेळाने, "पण प्रश्न नाही ठेवले तर लोक म्हणतील, घाबरला."

आयुष्यात एकदा तो बरोबर बोलला होता. तिने कुठूनतरी एक डुगडुगतं टेबल ओढत आणलं आणि स्वतःच लॅपटॉप जोडून बसली.

नवरा स्टेजवर आला. तिला तिथे बसलेली पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. तो सुंदर बोलला. चूक सापडली की लाल दिवा, नसली की हिरवा, असं त्याने करून दाखवलं. "प्रोग्राम चुकला तर हरकत नाही," तो म्हणाला. "पण चूक गिळून हिरवा दिवा दाखवणारा प्रोग्राम सगळ्यांत वाईट. कारण तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने तळहात साडीला पुसले आणि प्रश्नांची वाट पाहू लागली.

पहिल्या दोन प्रश्नांना ती धापा टाकत पुरी पडली. तिसऱ्याला मागच्या रांगेतून कुणीतरी माइक घेतला.

"एक विचारायचं होतं. हे सगळं यांनी स्वतः लिहिलंय की बायकोने? टाइप तर तीच करतेय."

हॉल हसला. पोटभर जेवलेल्या माणसांचं हसणं होतं, त्यात फार वाईट काही नसेलही. पण तिच्या बोटांनी तिला विचारलंच नाही. पडद्यावर उमटलं, 'हे साधन बनवायला किती वेळ लागला?'

त्याने वाचलं, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि समोर पाहिलं. खांदे हलत होते. दात दिसत होते. त्याने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा लोकांकडे आणि मग तिच्याकडे.

"थांबा," तो म्हणाला. "तुम्ही हसलात. इथे हसण्यासारखं काही लिहिलेलं नाही."

तो तिच्याकडे वळला.

"काय विचारलं ते लिही," तो तिला म्हणाला.

तिने लिहिलं. एवढंसं वाक्य, पण अक्षरं एकेक करून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उमटत गेली. विचारणारा खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

त्याने वाचलं. "मीच लिहिलंय," तो म्हणाला. "तिने लिहिलं असतं तर तुम्हाला सगळे दिवे हिरवेच दिसले असते."

हॉल कोसळला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. विनोद म्हणून घेतला त्यांनी. तो विनोद नव्हता हे त्या गर्दीत तिला एकटीला कळलं.

मग त्याच्याभोवती ही झुंबड. कुणी त्याचा नंबर घेतला, कुणी उद्याच भेटायला बोलावलं, होयबा मधे उभा राहून सगळ्यांना हो म्हणत होता. गंगेत घोडं न्हालं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते तिला खोटं वाटलं.

गर्दी ओसरल्यावर तो तिचा लॅपटॉप काखेत मारून बाहेरच्या पडवीत गेला. ती मागोमाग गेली. समोर समुद्र होता. वाऱ्याबरोबर वाळू येऊन नव्या फरशीवर पसरत होती. तो बाकावर बसला आणि लॅपटॉप उघडून तिच्या मांडीवर ठेवला.

"आई सकाळी काय म्हणाली?"

"अरे, आता कशाला ते," ती म्हणाली. पण तो तिच्या ओठांकडे बघतच नव्हता. तो पडद्याकडे बघत होता. तिने सगळं लिहिलं. लोक हसतील, तेही.

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मला कंपनीने काढलं, तेव्हा तू साहेबांशी फोनवर बोललीस. 'काम कमी झालंय,' असं लिहिलं होतंस तू."

तिने लिहिलं, 'साहेब म्हणाले, प्रत्येक गोष्ट लिहून दाखवायला आमच्याकडे वेळ नाही.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग मान हलवली.

"त्याच्या आधीचं," तो म्हणाला.

त्याच्या आधी शेजारी होते, त्याची बहीण होती, बँकेतला माणूस होता. आणि सगळ्यांच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, कानाचे डॉक्टर होते. ते म्हणाले होते, आता ऐकू येणार नाही, आशा ठेवू नका. तो टेबलापलीकडून तिच्या हाताकडे डोळे लावून बसला होता आणि तिने लिहिलं होतं, 'डॉक्टर म्हणतात, बघू या. कधीतरी येईल.'

तिने बोटं कळांवर ठेवली. डॉक्टरांचं वाक्य लिहायला घेतलं आणि पहिलंच अक्षर चुकलं. तिने ते खोडलं नाही.